ओझ्याखालचा शब्द



मागच्या खेपेला आपण रब्बी ज्वारीच्या पेरणीविषयी बोललो. पुढच्या खेपेला हरभऱ्याची बीजप्रक्रिया आहेच. मध्ये एक दिवस मी शेतीतून रजा घेतो आणि माणसांविषयी बोलतो. तेही होडीतल्या प्रवासाच्या निमित्ताने. तुम्ही म्हणाल, साहेबांना झाले तरी काय? आमच्या ओढ्याला गुडघाभर पाणी नाही आणि हे होडीच्या गोष्टी सांगतात! पण जरा धीर धरा. ही गोष्ट सुरू होते तलावात, पण संपते आपल्या विहिरीवर.

माझा पुतण्या, म्हणजे थोरल्या बंधूंचा मुलगा, अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नोकरीला आहे. गेल्या ऑगस्टच्या अखेरीस शिल्लक रजा टाकून आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो. तो आणि सूनबाई दर वर्षी पाच दिवस रानात होडीने फिरायला जातात. या खेपेला तो म्हणाला, "काका, तुम्ही चलाच." सौभाग्यवती नातीला सांभाळायला मिनियापोलिसला राहिल्या आणि मी निघालो. सूनबाईंचा धाकटा भाऊ चौथा.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या पुतण्याच्या वडिलांशी, म्हणजे माझ्या दादाशी, माझे गेली दहा-बारा वर्षे कामापुरतेच बोलणे होते. का, ते पुढे येईलच.

मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या हद्दीला लागून, सुमारे ११ लाख एकरांचे एक राखीव रान आहे. त्याला 'बाउंडरी वॉटर्स' म्हणतात. हजारो वर्षांपूर्वी बर्फाच्या प्रचंड थरांनी तिथला खडक खरवडून काढला आणि त्या खळग्यांतून हजाराहून अधिक तलाव झाले. बहुतेक भागात मोटारबोटीला बंदी आहे. मोजके परवाने देतात. एका टोळीत नऊपेक्षा जास्त माणसे चालत नाहीत. पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या आत नेता येत नाहीत. फोन लागत नाही. अस्वलांच्या भीतीने अन्नाची पिशवी रात्री झाडाला उंच टांगायची, नाहीतर अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यात ठेवायची.

फिरायचे ते कनू नावाच्या होडीतून. ही होडी लांब, अरुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती. आमची सतरा-अठरा फूट लांब आणि वजनाला अवघी वीस किलो होती. दोन माणसे बसतात, एक पुढे आणि एक मागे, दोघांच्या हातात एकेक वल्हे. पुढचा वल्ह्याची लय धरतो आणि पाण्यातले खडक बघतो. मागचा होडी वळवतो. तुम्ही औत हाकलेले आहे, तेव्हा तुम्हांला जास्त सांगायला नको. एक बैल ओढाळ आणि दुसरा मठ्ठ असला की तास सरळ निघत नाही, तसेच हे. फरक एवढाच की पुढच्याला मागचा दिसत नाही. मी पुढे होतो. तासाभराने खांदे भरून आले तेव्हा माझ्या मनात पहिली शंका आली ती हीच, की मागे हा पोरगा वल्हे मारतोय की नुसता बसलाय? मान वळवून बघितले तर होडी डोलली आणि पोरगा घामाने निथळत होता.

एक तलाव संपला की दुसऱ्या तलावापर्यंत होडी आणि सगळे सामान खांद्यावरून न्यायचे. या वाटेला पोर्टेज म्हणतात. होडीच्या मधोमध एक आडवे लाकूड असते, ते खांद्यावर घेऊन होडी डोक्यावर पालथी धरून चालायचे. त्या लाकडाचे इंग्रजी नाव आहे 'योक', म्हणजे आपले जू. वाटेची लांबी ते 'रॉड' या मापाने मोजतात. एक रॉड साडेसोळा फुटांचा. मी मनातल्या मनात हिशेब केला. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, आणि आपली जुनी मोजणीची साखळी ३३ फूट, सोळा आण्यांची. म्हणजे त्यांचा एक रॉड म्हणजे आपल्या साखळीचे आठ आणे. सात समुद्रांपलीकडे ओळखीचे माप भेटले म्हणून बरे वाटले. पण १८० रॉडची, म्हणजे जवळजवळ ९०० मीटरची चिखलाची वाट लागली तेव्हा ते बरे वाटणे संपले.

या वाटा आजच्या नाहीत. तिथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक. भूर्ज झाडाची साल, पांढऱ्या सीडरच्या लाकडाच्या फासळ्या, मुळ्यांचा दोरा आणि डिंक यांपासून ते अशी होडी बांधत. त्यांच्याकडूनच ती गोऱ्या व्यापाऱ्यांनी घेतली. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी कातड्यांच्या व्यापारासाठी फ्रेंच भाषा बोलणारे हमाल-नावाडी याच पाण्यातून जात. प्रत्येकाने एका वेळी दोन गाठोडी उचलायची, एकेक ४१ किलोचे. वाटेत चिलीम ओढायला थांबत, आणि अंतरही 'इतक्या चिलमींचे' असे सांगत. आपल्या गाडीवानांसारखेच म्हणायचे.

आता मुद्द्याचे. दुसऱ्या दिवशी दुपारी ही चिखलाची वाट लागली. वरून डास, खाली घोट्याएवढा चिखल. सामान जास्त म्हणून प्रत्येकाला दोन खेपा. पहिली खेप करून मी परत आलो, तर माझी दुसरी पिशवी जागेवर नाही. पुतण्याने ती न विचारता स्वतःच्या पाठीवर घेतली होती आणि वर होडी उचलायच्या तयारीत होता. त्याला वाटले, काकांचे गुडघे दुखतात. मला वाटले, हा मला म्हातारा समजतो. आणि माझ्या तोंडून निघून गेले, "बापावर गेलास. दुसऱ्याच्या वाट्याचं न विचारता उचलायचं!"

सूनबाई तिथेच उभ्या होत्या. कुणी काही बोलले नाही. पुतण्याने माझी पिशवी खाली ठेवली, होडी डोक्यावर घेतली आणि चालू लागला. मी पिशवी उचलली. ती नऊशे मीटरची वाट मी आयुष्यात विसरणार नाही. ओझ्यापेक्षा त्या शब्दाचे वजन जास्त होते.

आता तो दादाचा विषय. २०१३ चा उन्हाळा तुम्हांला आठवत असेल. आदल्या वर्षी पावसाने दगा दिला होता. आमची वडिलोपार्जित विहीर सामाईक. चार दिवस दादाची पाळी, चार दिवस माझी. मी नोकरीनिमित्त बाहेर, तरी माझ्या वाट्याच्या जमिनीत कागदी लिंबाची साठ झाडे हौसेने लावलेली. मे महिन्यात विहीर दिवसाकाठी तासभर चालेना. एका शनिवारी गावी गेलो तर माझ्या पाळीचे पाणी दादाने जनावरांच्या मक्याला दिलेले. मी विहिरीवरच आवाज चढवला. दादा म्हणाला, "तुझ्या पगाराला पाऊस लागत न्हाई."

एवढेच एक वाक्य. पण ते मला लागले, कारण ते खोटे नव्हते. मी मनात धरून बसलो, की माझ्याविषयी याचे खरे मत हे. बाकी सगळे वरवरचे. पुढे लग्नकार्यात भेटलो, सातबाऱ्याच्या कामाला बरोबर गेलो, पण मनातला तो शब्द काही खाली ठेवला नाही. त्या साठ झाडांपैकी आठ जगली. ती पाचटाच्या आच्छादनामुळे जगली, असे मी आजवर कितीतरी शिबिरांत छातीठोकपणे सांगितले आहे.

तर त्या संध्याकाळी आम्ही तलावाकाठी तंबू ठोकले. शेगडीवर खिचडी झाली. मला वाटत होते, आता पुतण्या बोलेल. पण तो बोलेना. सगळ्यांची जेवणे झाली, भांडी घासली, अन्नाची पिशवी झाडाला चढली, तेव्हा तो माझ्याजवळ येऊन बसला. "काका, आमचा इथला एक नियम आहे. तंबू लागल्याशिवाय आणि पोटात अन्न गेल्याशिवाय भांडायचं नाही. वाटेवर माणूस बोलतो ते ओझं बोलतं. आता बोलू."

मग त्याने मला त्या भागातली एक जुनी हकिगत सांगितली. १९३० साली मिनियापोलिसहून शाळा संपवलेली दोन पोरे, एरिक सेव्हरिड आणि वॉल्टर पोर्ट, जुन्या होडीतून निघाली ती थेट हडसन उपसागरापर्यंत गेली. एक सतरा वर्षांचा, एक एकोणीस. अंतर २,२५० मैल, म्हणजे सुमारे ३,६०० किलोमीटर. शेवटच्या टप्प्यात थंडी, पाऊस आणि थकवा यांनी दोघे इतके पिचले की एकमेकांच्या अंगावर धावून गेले, हातघाईवर आले. आणि मग? मग पुन्हा त्याच होडीत बसले आणि मुक्कामाला पोहोचले. सेव्हरिड पुढे अमेरिकेतला नामांकित वार्ताहर झाला. १९३५ साली त्याने या प्रवासाचे पुस्तकही काढले. २०११ साली नॅटली वॉरन आणि अॅन रायहो या दोन तरुणींनीही मिनेसोटाहून हडसन उपसागरापर्यंतची तशीच वाट पार केली.

"त्या दोघांनी मारामारी केली म्हणून ते वैरी होते का काका?" पुतण्याने विचारले. मी गप्प. मग तो हळूच म्हणाला, "तुमची आठ लिंबं आच्छादनामुळं नाही जगली. आई अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी पिंपात साठवायची. बाबा रात्री कावडीनं नेऊन घराकडच्या ओळीला घालायचे. मी सुट्टीत घरी होतो, कंदील धरायला मीच असायचो. सांगू नकोस म्हणाले होते. म्हणाले, साठातली आठ जगवली, त्यात सांगायचं काय?"

बंधूंनो, आच्छादन जरूर करा, त्याने ओल टिकते हे मी आजही सांगतो. पण त्या आठ झाडांचे श्रेय मी चुकीच्या खात्यावर टाकले होते. पाणी नसताना दादा जे बोलला ते मी दहा-बारा वर्षे जपून ठेवले. आणि पाणी नसताना त्याने जे वाहून नेले, त्याची मला दादही नव्हती.

तिसऱ्या दिवशी वारा सुटला. मोठ्या तलावावर लाटा उठल्या. मी म्हटले, निघू या, एवढ्याने काय होते? आदल्या दिवशी भार उचलायला कमी पडलो होतो ना, आता बहादुरी दाखवायची होती! सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "काका, आज नको." आणि तो दिवस आम्ही काठावर बसून काढला. तेव्हा त्यांनी सांगितले. ११ जून १९७८ रोजी कॅनडात टेमिस्कॅमिंग तलावावर एका शाळेची मुले अशीच सहलीला निघाली होती. २७ मुले, चार मोठी माणसे आणि चार मोठ्या होड्या. वाऱ्यात एक होडी उलटली, तिला वाचवायला गेलेल्याही उलटल्या. पाणी गोठवणारे. बारा मुले आणि एक शिक्षक गेले. मुलांना कणखर करायचे म्हणून ही सहल होती.

हे ऐकून मला आपल्याकडच्या कितीतरी गोष्टी आठवल्या. ओढ्याला पूर असताना बैलगाडी घालणारे, विषारी वायूची शंका असताना जुन्या विहिरीत उतरणारे. अशा वेळी "आज नको" म्हणणाऱ्याला आपण भित्रा म्हणतो. खरे तर तोच सोबती धरून ठेवण्यासारखा असतो. सोसण्याची हौस वेगळी आणि ओझे उचलण्याची तयारी वेगळी.

परतताना वाटेतल्या एका दुकानात पुतण्याने 'वाइल्ड राइस' म्हणजे रानभात विकत घेतला. ओजिब्वे लोक त्याला मनोमिन म्हणतात. हा आपला भात नव्हे, उथळ तलावात आपोआप येणारे एक वेगळे गवत. पण त्याची कापणी ऐकण्यासारखी आहे. होडीत दोघे असतात. एक उभा राहून लांब बांबूसारख्या काठीने होडी रेटतो. दुसरा हातातल्या एका दांडक्याने ताटे होडीवर वाकवतो आणि दुसऱ्याने हलकेच झोडतो. पिकलेले दाणे होडीत पडतात, हिरवे ताटावर राहतात, आणि थोडे पाण्यात पडून पुढच्या सालाचे बी होते. मिनेसोटाचा कायदा असा, की दांडके ३० इंचांपेक्षा लांब नको आणि एका पौंडापेक्षा, म्हणजे साडेचारशे ग्रॅमपेक्षा, जड नको. जोराने झोडले तर ताट मोडते आणि पुढच्या खेपेचे दाणे जातात. मला वाटले, माणसांशी बोलायलाही असाच कायदा पाहिजे होता!

त्यातला अर्धा किलो मी दादासाठी आणला. गावी गेलो तेव्हा तो गोठ्यात होता. दाणे तळहातावर घेऊन बघितले, एक दाताखाली फोडला. "हे भात न्हाई, गवत हाय," म्हणाला. मी म्हटले, "भातसुद्धा गवतच असतं दादा." "पाणी किती लागतं?" "तलावात येतं." तो हसला. "मग आपल्याकडं नको."

मग मी विषय काढला. म्हटले, लिंबांचे मला कळले. तो काही बोलला नाही, वैरण पुढे सारत राहिला. मग मी विहिरीवरच्या त्या वाक्याची आठवण दिली. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. "असं म्हणालो हुतो मी?" त्याला खरेच आठवत नव्हते. थोडा वेळ थांबून म्हणाला, "पाणी नव्हतं रं तवा."

वहिनींनी चहा आणला. आम्ही विहिरीकडे चक्कर मारून आलो. पाळीचा प्रश्न अजून कागदावर नीट उतरलेला नाही. तो दिवाळीत दोघांनी बसून लिहायचा ठरले आहे.

बंधू-भगिनींनो, होडीची सहल करायला तुम्हांला मिनेसोटाला जायला नको. सुगीचा खळा, दुष्काळातली विहीर, उसाची तोडणी, घरातले आजारपण, ही सगळी आपली पोर्टेजच आहेत. तिथे माणूस कळतो हे खरे, पण काय बघायचे ते कळले पाहिजे. म्हणून तीन गोष्टी सांगतो आणि थांबतो.

पहिली, ओझे डोक्यावर असताना वाद मिटवायला बसू नका. वाटणीची बोलणी, पाण्याच्या पाळीचा हिशेब, देण्याघेण्याचा तंटा, हे मे महिन्याच्या उन्हात किंवा सुगीच्या थकव्यात काढू नका. जेवणे होऊ द्या, शक्य तर एक पाऊस होऊ द्या, मग बसा आणि लिहून ठेवा.

दुसरी, संकटात कोण काय बोलले याची वही ठेवू नका. कोणी काय उचलले, तेवढे बघा. आणि न विचारता उचलले असेल, तर आधी विचारा की का उचलले.

तिसरी, घरातल्या बायामाणसांनी किंवा लहानांनी "आज नको" म्हटले, तर ऐका. पुढे बसलेल्याला खडक दिसतो, मागच्याला दिसत नाही.

बाकी आमची ती आठ लिंबाची झाडे यंदा चांगली लदलेली आहेत. या पानावर आणि माझ्या शिबिरांतून त्यांची चुकीची हकिगत ज्यांनी ऐकली असेल त्यांनी ती दुरुस्त करून घ्यावी. आच्छादन पाचटाचे, पाणी दादाचे.

पुढच्या खेपेला हरभऱ्याची बीजप्रक्रिया आणि मर रोग. बियाणे आणून ठेवा, पण पेरायची घाई करू नका.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी